रेघेला उंची नसते

आई, बाथरूमचा उंबरा अखेर फोडला. मिस्त्रीच्या मागे उभी राहून तू चांगला वीतभर उंच करून घेतलेला तो काळ्या दगडाचा उंबरा. पहिला घाव बसला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसले. वाटलं, आता तू पदर खोचून येशील आणि विचारशील, "कोनाला इचारून फोडला गं?" विचारलं होतं, आई. बाबांना विचारलं होतं, आणि हो म्हणायला त्यांनी जवळजवळ सगळा हिवाळा घेतला. तुला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी या घरात साधा खिळा ठोकायचा म्हटलं की अजून तुझीच परवानगी लागते.

मखमलाबाद रस्त्यावर आपण प्लॉट घेतला तेव्हा मी शाळेत होते. बाबा ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. त्यांनी आखलेला नकाशा तू हातात घेतलास, उलटा धरलास, सुलटा धरलास आणि परत दिलास. "कागदावर कोन राह्यलंय का कधी?" तुझ्या माहेरी झेंडूचा मळा. तिथे वाफा पाडायचा तर आधी राखेने जमिनीवर रेघ मारायची, दोन-चार दिवस त्या रेघेच्या बाजूने ये-जा करायची, पाणी कुठून येईल, टोपली घेऊन कुठून जाता येईल ते बघायचं, आणि मगच कुदळ. तीच रीत तू घराला लावलीस. पाया भरून झाला, भिंती अजून व्हायच्या होत्या, आणि तू रांगोळीचा डबा घेऊन वाकलीस. इथे ओटा, इथे कपाट, इथे दार. रोज संध्याकाळी आपण तिघं तिथे जायचो आणि तू आम्हाला त्या रेघांच्या घरात वावरायला लावायचीस. बाबा एकदा विसरून सरळ पलीकडे गेले, तर तू कडाडलीस, "अहो, भिंतीतून काय जाता? दार हाय ना तिकडं!" आणि बाबा मुकाट्याने मागे फिरून, नसलेल्या दारातून, चप्पल काढून आत आले. शेजारच्या बांधकामावरचे गवंडी काम सोडून बघत होते. मला इतकी लाज वाटली होती! आज ते आठवलं की हसता हसता डोळे भरून येतात.

पुढे तुझी ही रीत कॉलनीभर झाली. कोणाला घरात काही करायचं असलं की बायका दुपारी तुझ्याकडे यायच्या आणि तू शेंगा निवडता निवडता सांगायचीस. दिवाळीला रंग काढू नका, पावसाचं पाणी भिंतीत असतं अजून. होळीपर्यंत वाळू द्या. आधी ओल कुठून येते ते शोधा, गच्चीवर बांध घालून पाणी साठवून ठेवा, खाली डाग दिसला तर रंगाऱ्याला खुशाल परत पाठवा. फरशी बसवायच्या आधी पाण्याचे पाइप तपासून घ्या, नाहीतर बसवलेली फरशी आपणच फोडायची. आणि दोन-चार फरश्या जास्तीच्या आणून माळ्यावर टाका, पुढे तसा रंग मिळत नाही. समोरच्या काकूंनी तुझं न ऐकता दिवाळीच्या तोंडावर हॉल गुलाबी करून घेतला आणि संक्रांतीपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले. तू एका शब्दाने टोचलं नाहीस. फक्त तिळगूळ द्यायला गेलीस तेव्हा त्या भिंतीकडे जरा जास्त वेळ बघत बसलीस. तुझं ते न बोलणं फार लागायचं, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

पण एक गोष्ट तुझ्या रांगोळीत बसत नव्हती. लांबी बसायची, रुंदी बसायची. उंची कुठे काढणार? ती तू गवंड्यावर सोडलीस आणि त्याने आपल्या सवयीने बांधलं. ओटा तुझ्या जवळजवळ छातीशी आला. ओटा उंच, म्हणून त्यावरची खिडकीही उंच. घरभरणीच्या दिवशी तू त्या ओट्यापाशी उभी आहेस, नवी नऊवारी नेसून, हात वर धरून पुरण ढवळते आहेस, आणि विचारलं तर म्हणतेस, "कुठं काय? झ्याक हाय." पुढच्याच रविवारी बाबांनी खोक्याच्या फळ्या जोडून एक पाट बनवला. पाट कसला, ठोकळाच. बसायला निरुपयोगी, पण उभं राहायला पक्का. त्यावर चढून तू या घरातला सगळा स्वयंपाक केलास. ओटा फोडून उतरवून देतो म्हणून बाबा किती वर्षं तुझ्या मागे होते. तू ऐकायला तयार नव्हतीस. आम्हाला वाटायचं, चूक कबूल करायला नको म्हणून हट्टाला पेटली आहे.

आणि तुझा चहा. बाबा बसमधून उतरून, कोपऱ्यावरून चालत, फाटक उघडून आत येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. बस कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा, पण चहा कधी चुकला नाही. बाबा कौतुकाने विचारायचे, "तुला कळतं तरी कसं?" तू म्हणायचीस, "हॉर्न वाजतो ना बसचा." तुझ्या कानांची कॉलनीत ख्याती होती.

तू गेल्यावर बाबांनी घराला हात लावू दिला नाही. माझी बदली पुन्हा नाशिकला झाली आणि मी त्यांच्याजवळ राहायला आले, तेव्हा त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. बाथरूमचा उंबरा ओलांडताना ते आधी भिंतीला हात लावायचे, मग एक पाय, मग थांबायचे, मग दुसरा. दसऱ्यानंतर एका सकाळी तो दुसरा पाय अडकला. धप्प आवाज झाला आणि त्यानंतर काहीच आवाज नाही. आई, तेवढ्या क्षणात मी काय काय बघितलं ते तुला सांगवत नाही. मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी हात आहे, पुढच्या वेळी खुबा असेल. मग उठणं कठीण." घरी आल्यावर मी उंबऱ्याचा विषय काढला. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बाबा म्हणाले, "तिने केलेलं मोडायचं नाही." मी चिडले, समजावलं, रडलेसुद्धा. ते पेपर वाचत राहिले. त्यानंतर रोज सकाळी ते आत जायचे आणि मी बाहेर जीव मुठीत धरून उभी असायचे.

शेवटी तुझीच रीत आठवली. मी रांगोळीचा डबा काढला. उंबरा जाऊन उतार येईल तो इथपासून इथपर्यंत, कमोड इथे, दाराची नवी चौकट इथे. या वेळी मी भिंतीवरही खडूने रेघ मारली, धरायच्या दांड्यासाठी. बाबा आले, त्यांनी खाली बघितलं. आणि आई, ते रेघ चुकवून गेले. रोज जायचे. पाय उचलायला त्रास होत असतानाही रांगोळी मोडू दिली नाही. एका सकाळी मी बघते तर भिंतीवरची माझी रेघ ओल्या फडक्याने पुसलेली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ते आतून म्हणाले, "दांडा तिथे काय कामाचा? माझा हात कुठे जातो ते बघ ना." चौकटीच्या बाजूला भिंतीवर त्यांच्या हाताचा मळकट डाग पडला होता, रोज तिथेच टेकून टेकून. तू असतीस तर त्या डागावरून त्यांना फैलावर घेतलं असतंस. त्यांनी डाव्या हाताने त्या डागावर खडूने फुली मारली. मग तिथेच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रेघेला उंची नसते, हे मला तेव्हाच दिसत होतं गं. मी फिटर माणूस. पण ती रांगोळी घालत होती, इतकी खुशीत होती, म्हटलं राहू दे. आणि जन्मभर बिचारी पाटावर उभी राहिली."

काम नीट झालं. उतारावर पाणी साठत नाही, मी बादल्या ओतून बघितलं. उंबऱ्याच्या जागी लागलेल्या फरश्या तुझ्या माळ्यावरच्या. रंग तंतोतंत जुळला. बाबा आता दांडा धरून सरळ आत जातात, आणि मी सकाळी दारापाशी उभी राहत नाही.

मिस्त्री म्हणाला, "ताई, हातासरशी ओटाही नवा करून टाकू." पण ओटा मला बरोबर बसतो, मी बाबांच्या उंचीवर गेले आहे. फक्त त्याखालची गॅसची नळी बदलायची होती. पाट बाजूला सारून मी वाकले, आणि उठता उठता अर्ध्यावर, तुझ्या उंचीला थांबून खिडकीकडे बघितलं. नुसतं आभाळ आणि शेजारची पाण्याची टाकी. जरा वर झाले, पाटाएवढी, तर फाटक दिसलं. फाटक, आणि बसचा कोपरा.

आई, तू कसला हॉर्न ऐकायचीस!

बाबांना मी काही सांगितलं नाही. तुझं गुपित, मी कोण सांगणार? पण त्या संध्याकाळी ते काठी टेकत फिरून आले, चहा तयार होता, आणि त्यांनी सवयीने विचारलं, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "दिसता की खिडकीतून." ते कप घेऊन ओट्यापाशी आले, बाहेर बघितलं. "पण तिला कुठून दिसणार, ती तर..." आणि त्यांची नजर खाली पाटावर गेली. मग काठीने त्यांनी तो पाट हळूच पुन्हा ओट्याजवळ सरकवला. "म्हणून ओटा उतरवायला नको म्हणायची होय," एवढंच म्हणाले. चहा निवून गेला, तो त्यांनी तसाच आवडीने प्यायला.

हे पत्र तुला पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवू? तुला एवढंच सांगायचं होतं की आता बाबा रोज फाटकापाशी थांबतात, मान वर करून खिडकीकडे बघतात आणि हसतात. पूर्वी कधी बघत नसत. मी ओट्यापाशीच असते, मीही हात हलवते. पण खरं सांगू? ते माझ्याकडे बघत नसतात. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.