भिंगरी लोड झाली

सोमवार
लिहीन लिहीन म्हणत टाळत आलो. आज नोकरी लागली, तेवढं निमित्त मिळालं. ताईनं बजावलंय, ही शेवटची. इथं टिकला नाहीस तर माझ्या घरी राहायचं नाही. काम कॉम्प्युटरवरच्या जावा प्रोग्रामचं. ड्रायव्हर बदलायचे असतात म्हटल्यावर तिनं विचारलं, गाडी कुठली? ऑफिस झकास आहे. खुर्ची गोल फिरते. खिडकीत कबुतर होतं, त्याच्याकडेच बघत बसलो.

मंगळवार
ऑफिसातल्या मॅडमनी समजावलं. डेटाबेसशी बोलायला प्रोग्रामला मध्यस्थ लागतो, तो ड्रायव्हर. सेटिंगमध्ये नुसतं नाव लिहायचं. प्रोग्राम चालता चालता त्या नावाचा ड्रायव्हर शोधून आत घेतो, म्हणजे लोड करतो, आणि तो लगेच कामाला लागतो. एका नावाचा एकदा आत बसला की दुसऱ्याला जागा नाही. प्रोग्राम बंद केल्याशिवाय तो निघतही नाही. मग म्हणाल्या, नसलेलं नाव टाकून बघ, 'सापडला नाही' असं यायला हवं. मी 'भिंगरी' टाकलं. ताई मला तेच म्हणते, एका जागी ठरत नाही म्हणून.
उत्तर आलं, लोड झाला.
मॅडम जेवायला गेल्या होत्या. मीही कंटाळून उठलो.

गुरुवार
उशिरा पोचलो. मॅडमनी शाबासकी दिली, लवकर येऊन सगळं उरकलंस म्हणून. आयतं होतंय तर होऊ दे. खुर्ची मात्र गरम होती.

शुक्रवार
पुन्हा तेच. चहावाला म्हणाला, आत्ताच तर घेतलास की. काही न करता दमलोय. सेटिंगमधून नाव खोडलं, फरक नाही. प्रोग्राम बंद करू का विचारलं. मॅडम म्हणाल्या, इतकं सुरळीत चाललंय, कशाला हात लावतोस.

सोमवार
ऑफिसच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. वॉचमन म्हणतो, या नावाचा माणूस आत आहे. काचेतून पाहिलं — माझीच पाठ. खुर्ची फिरवत नाही. एका जागी बसलाय —

संध्याकाळी
किल्लीनं गुपचूप घरात, आतल्या खोलीत आलो. इथं आधी मी आलोय. आधी आत बसला त्याची जागा — मॅडमच म्हणाल्या होत्या — ताई स्वयंपाकघरात आहे, तिला अजून —

बेल.

ताईनं दार उघडलं. म्हणतेय, शंभर वर्षं आयुष्य आहे रे भिंगरी, आत्ताच तुझी आठवण काढली — मी हाक मारली, ताई, मी इथं — ती त्याला विचारतेय, आतल्या खोलीत कोण —