टाकीमागचं झाकण

बाई, तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा तुमचे दिवस होऊन वर्ष लोटलं होतं. तुम्हाला मी आठवतही नसेन. विक्रोळीच्या पालिका शाळेतला, सातवी ब, खिडकीकडून दुसरा बाक, अक्षर बरं आणि तोंड जास्त, तो मी. आता पन्नाशी उलटली, केस गेले, तोंड तेवढंच राहिलंय. आणि हसू नका, पण मी पालिकेत इंजिनीअर झालो. अर्ज द्यायला तुम्ही आम्हाला ज्या ऑफिसात नेलं होतं, तसल्याच एका वॉर्ड ऑफिसात मी खुर्चीवर बसतो आणि लोकांच्या तक्रारी घेतो. तुम्ही आज दारात उभ्या राहिलात तर मी ताडकन उठेन हे खरं, पण नजर वर करणार नाही. का नाही करणार तेच लिहायला बसलोय.

शाळेच्या फाटकासमोरचं ते उघडं गटार आठवतं? दर दोन-चार दिवसांनी एखाद्याची चप्पल त्यात जायची. अर्जलेखनाच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटून ठेवलंत. म्हणालात, "खोट्या तापाचे रजेचे अर्ज पुष्कळ लिहिलेत. आता एक खरा लिहा. गटाराचा." मी घरी बसून दीड पान भरलं. 'अतिशय भयानक, अक्राळविक्राळ, जीवघेणे गटार' वगैरे. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा पोरांनी बाकं वाजवली. मी खूश. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि अगदी शांतपणे विचारलंत, "छान. किती खोल आहे?"

"खूप, बाई."

"खूप म्हणजे किती? तू बघितलंस?"

"रोज जातो ना तिथून!"

"जाणं वेगळं, बघणं वेगळं. हे सगळे मोठमोठे शब्द काढून टाक. आपल्याला साहेबाला घाबरवायचं नाही, काम सांगायचंय. आणि एक ध्यानात ठेव, न बघता लिहिलेलं खरं निघालं, तरी ते खोटंच."

काय राग आला होता तुमचा! मनात म्हटलं, गटार आहे ते आहे, त्यात बघायचं काय डोंबल. पण मधल्या सुट्टीत गेलो. शिपायाच्या झाडूचा दांडा आत घातला, ओल्या खुणेपर्यंत फूटपट्टीने मोजलं, नाक दाबून लांबी मोजली, रुंदी मोजली. खोली तीन फूट दोन इंच. नवा अर्ज पाच ओळींचा झाला. काय आहे, कुठे आहे, केवढं आहे, काय करून हवंय, आणि खाली सगळ्या वर्गाच्या सह्या. तो घेऊन तुम्ही आम्हाला दोन-दोनच्या रांगेत वॉर्ड ऑफिसात नेलंत. तिथला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय बाई, सहल का पोरांची?" तुम्ही म्हणालात, "हो. इथे कामं कशी होतात ते दाखवायला आणलंय." बिचाऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का उमटेपर्यंत तुम्ही टेबलापासून हलला नाहीत. तुम्ही उभ्या, म्हणून आम्हीही सगळे उभे.

आणि मग आठवडाभराने पालिकेचा माणूस आला. खरंच आला! आम्ही सगळे शाळेच्या भिंतीवर ओळीने चढून बसलेलो. त्याने टेप आत सोडला आणि सोबतच्या माणसाला ओरडून सांगितलं, "तीन फूट दोन इंच, लिही." बाई, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माझा आकडा! मी शाळेत लिहिलेला कागद त्या भल्यामोठ्या इमारतीत शिरला, आणि आतून चालता-बोलता माणूस घेऊन परत आला. नंतर लाद्या पडल्या, त्यांच्यावर आम्ही नाचलो, पण मला लाद्यांपेक्षा तो आकडा आठवतो. देवळात कधी झालं नाही तसं काहीतरी त्या दिवशी मला झालं. इंजिनीअर व्हायचं मी तिथेच ठरवलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "आधी सातवी पास हो."

आता तक्रारी मोबाईलवर येतात. फोटो टाकायचा, पत्ता टाकायचा, की नंबर मिळतो. काम झालं की ठेकेदार फोटो पाठवतो, मी तो बघायचा आणि 'निकाली' असं बटण दाबायचं, की लोकांना उत्तर जातं, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' आमच्या हद्दीत टेकडीवर मोठी वस्ती आहे, तिथे एक रहिवासी मंच आहे. आमच्या ऑफिसात मंचाचं नाव काढलं की सगळे कपाळाला हात लावतात, मीही त्यातलाच. महिन्याच्या एका रविवारी सकाळी बालवाडीच्या खोलीत त्यांची बैठक असते, आणि आम्हाला बोलावणं असतं. त्यांची पद्धत ऐका, तुम्हाला आवडेल. सेक्रेटरी आधी तक्रार वाचते. मग पालिकेचं उत्तर वाचते. मग ज्याच्या गल्लीतली तक्रार, त्याने उभं राहून एकच शब्द बोलायचा, 'झालं' किंवा 'नाही'. भाषण नाही, आरडाओरडा नाही. आरडाओरड्याची आम्हाला सवय आहे हो, त्यातून सुटता येतं. त्या एका शब्दातून नाही सुटता येत.

गेल्या महिन्याच्या बैठकीला मी होतो. सेक्रेटरीने वाचलं, 'दत्तमंदिराजवळ, पाण्याच्या टाकीमागे, गटाराचे झाकण तुटले आहे. भोक अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. माणसाला चालायला बाजूने जागा नाही. नवे झाकण हवे.' मी नुसता ऐकत राहिलो. एक विशेषण नाही! कुठल्या बाईंनी शिकवलंय यांना, असंच मनात आलं. मग उत्तर वाचलं, 'निराकरण करण्यात आले आहे.' आणि मागून एक काका उठले. हातात पांढरी काठी, डोळे मिटलेले. जन्मापासून आंधळे. म्हणाले, "नाही."

एकच शब्द बोलायचा नियम, पण मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो काका, फोटो आहे ना माझ्याकडे. झाकण बसलंय."

"असेल साहेब," काका म्हणाले. "फोटो मला दिसत नाय. माझ्या काठीला भोक लागतं."

त्यांची बायको उठली, मालवणकडची, ठसक्यात बोलणारी. "दाखवा बघू फोटो. अवो, ह्यो खालच्या दत्ताचो! आमचो वरचो दत्त, टाकी पण वरची. हेच्यात निळा दार दिसता, आमच्या गल्लीत निळा दार आसाच खंय? तीन महिने झाले, ह्यो माणूस घरात बसलोहा. खाली खुर्च्या विणूक जायचे, आता जाववत नाय. मी सकाळी लोकांकडे जेवण करूक जातंय, ह्यांका सोडणार कोण? आज सुट्टी, म्हणून हात धरून आणलंय. काल म्हणाले, मी आता खोलीतली खुर्चीच झालंय." एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. काका तिला म्हणाले, "गो, बस. एकच शब्द बोलायचा असतो."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊ. काका पुढे, मी मागे. बाई, मी इतकी वर्षं या टेकडीची कामं बघतोय, नकाशे माझ्या टेबलावर असतात, पण तो माणूस मला जे दाखवत चालला होता त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. "अठ्ठावीस पायऱ्या. सतरावी हलते. इथं डावीकडे नळाची पाइप, पाय उचला. इथं वास येतो ना, म्हणजे चेंबर भरलंय, उद्यापर्यंत वर येईल." मी नळाच्या पाइपला अडखळलोच, आणि त्यांनी मागे न वळता माझा दंड पकडला. मला आंधळ्याने सावरलं. टाकीमागे पोचल्यावर काठी भोकाच्या चारी कडांवरून फिरवून म्हणाले, "अडीच, दीड. मोजा तुम्ही." मी मोजलं. अडीच, दीड. ती तक्रार त्यांनीच सांगून सेक्रेटरीकडून लिहवून घेतली होती. मला तर तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तीन दिवसांत झाकण बसलं, मी उभा राहून बसवून घेतलं. गेल्या रविवारच्या बैठकीत सेक्रेटरीने तक्रार वाचली, उत्तर वाचलं आणि काका उठले. "झालं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको घरून खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली होती. मी माझं तोंड उघडलं आणि सांगितलं, की दत्त दोन असल्यामुळे ठेकेदाराच्या माणसाची गफलत झाली, त्याला समज दिली आहे. सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? गफलत त्याची झालीच होती.

पण त्या फोटोत निळं दार होतं, बाई. मूळ तक्रारीच्या फोटोत नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवले असते तर पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. मी ते ठेवले नाहीत. खरं तर 'निकाली' दाबताना मी ठेकेदाराचा फोटो उघडलाच नव्हता. त्या दिवशी एकामागून एक तक्रारी निकाली काढत चाललो होतो, त्यातली ती एक. तिच्या पलीकडे एक माणूस खोलीत बसून होता.

हे तुम्हाला पाठवायला आता पत्ता नाही. टाकीमागच्या ज्या काकांचा पत्ता मला पाठ आहे त्यांना मी हे सांगितलेलं नाही. बैठक संपल्यावर काका चाचपडत माझ्यापर्यंत आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः बघायला आलात. एवढं कोण करतं?" मी हात सोडवून घेतले. वडी खाल्ली, आणि 'हो, बघावं तर लागतंच' म्हणालो.