सापेक्षतेचं पान सात

१ जून, पहाटे ५
काल भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात माईकवर जाहीर केलं : व्यापक सापेक्षतेचं गणित स्वतः शिकणार, २० सप्टेंबरला पारनेरच्या ग्रंथालयात व्याख्यान देणार. टाळ्या पडल्या. साहेब मात्र हसले. चौतीस वर्षं त्यांच्या लेखी मी नुसता मोजणीची साखळी ओढणारा. आता बघतीलच. खरं तर तीन आठवडे पुरेत.

९ जून
पान ७. आणलेल्या पुस्तकात अक्षरांच्या डोक्यावर अक्षरं, पायाशी अक्षरं. गुळाला मुंग्या लागाव्यात तसं. शिसारी आली. पाया पक्का हवा म्हणून परत पान १.

२८ जून
व्हाइटबोर्ड आणला. तीन रंगांचे मार्कर. आता खरा अभ्यास सुरू. दमलो, आज सुट्टी.

१७ जुलै
पान ७. छपाईची चूक असणार. प्रकाशकाला खरमरीत ईमेल.

५ ऑगस्ट
उत्तर नाही. निर्लज्ज लोक. बायको, कडूबाई, विचारते बोर्ड माळ्यावर टाकू का, झाडता येत नाही. या घरात विद्येची किंमतच नाही. वीट आला.

१४ सप्टेंबर
भाची पंकजा पुण्यात फिजिक्स शिकवते. तिला फोन. कितव्या पानावर आहात, विचारलं. मधल्या, म्हणालो. टेकाडावरचं अंतर आणि नकाशावरचं अंतर एक नसतं, मामा, तिथून सुरू करा म्हणाली. झापलं तिला. मोजणीत उतार धरतच नाहीत, साखळी आडवी ताणायची! हे म्हणे प्राध्यापक.

२० सप्टेंबर, सायंकाळ
तीसेक माणसं. बोर्डवर पान ७ उतरवलं. साहेबांनी विचारलं, त्या खालच्या अक्षराचा अर्थ काय? घसा बसलाय म्हणालो. लोक उठायला लागले. तेवढ्यात कडूबाई उभी राहिली.

"नकाशा बघून आमच्या टेकाडावर ठिबकची नळी आनली, ती कमी पडली. कागद सपाट हाय, जमीन न्हाई. मला एवढंच कळलं."

लोक खाली बसले. साहेबांनी मान डोलावली, माझ्याकडे न बघता. लाज वाटली. ते शेत मीच मोजलं होतं.

२१ सप्टेंबर
ग्रंथालयाचे अजिनाथ आले. पुढचं व्याख्यान वहिनींचं ठेवू म्हणाले. ते गेल्यावर ती पुस्तक घेऊन शेजारी बसली. पान ७ मोठ्यानं वाचायला लावलं. मग विचारलं, कळलं का?

नाही, म्हणालो. पहिल्यांदाच.

"मलाबी न्हाई. वरनं वाचा परत."

वाचलं.