खरपुडीचे खड्डे

बीड, तुरुंगातून
४ ऑगस्ट

ति. वनमालाताईस, धाकट्या अजिनाथचा सा. न.

मी धडधाकट आहे. भाकरी जाड आणि डाळ पातळ, एवढीच तक्रार. तुझ्या वाचलेल्या खरपुडीला ती कंदिलासारखी फुलं आली का? अख्ख्या डोंगरावरून ही वेल संपली होती. तू घरी कंद वाढवून डोंगरावर कुंपणात लावलेस आणि आपल्याच चुलतभावाने, परमेश्वरने, ते उकरून खाल्ले. गुडघ्यावर बसला होता, हात मातीने भरलेले, समोर रिकामे खड्डे. कोयता माझ्या हातातच होता. त्याची बोटं गेली म्हणतात. मला मनगट हवं होतं.

वकील म्हणतो, तू जामीनदार म्हणून सही केलीस की मी सुटतो. लवकर ये, उरलेलं काम करायचं आहे.

इथल्या डाळीसारखी माया पातळ करू नकोस.
तुझा अजिनाथ

लिंबागणेश
१३ ऑगस्ट

चि. अजिनाथला अनेक आशीर्वाद.

हात सुजला होता म्हणून पत्राला उशीर. तुला कळवलं नव्हतं, पण त्याच संध्याकाळी परमेश्वरचा थोरला भाऊ सोमेश्वर दार फोडून आत आला. हात पिरगळला, केसांना धरून मला अंगणात ओढलं, कपाळ उंबऱ्यावर आपटलं. टाके पडले.

तरी मी पुन्हा कंद लावले. परमेश्वर दवाखान्यात असताना तेही उकरले गेले. मग वनरक्षकाने झाडाला कॅमेरा बांधला. फोटोत साळिंदर आहे रे, चांगलं गुबगुबीत. परमेश्वरची बायको वैष्णवी सांगत होती, त्या दिवशी तो शेळ्यांमागे आला होता, अर्धवट चावलेले कंद दिसले म्हणून परत मातीत पुरत होता. ते सांगायला त्याने तोंड उघडलं तोवर तू वार केलास. आता मुकादम त्यांना ऊसतोडीला नेत नाही. मोळी बांधायला धड हात लागतात, म्हणाला.

चूक झाली, एवढं तरी त्याला लिही. या थोरल्या ताईला जीव लावतोस तसाच लावत राहा.
वनमाला

बीड, तुरुंगातून
२१ ऑगस्ट

ति. ताईस सा. न.

साळिंदराचं वाचलं. त्याचं जाऊ दे. पण तुझ्या केसांना हात घातला आणि हे तू मला आता सांगतेस? सोमेश्वरला उभा चिरीन. परमेश्वर आडवा आला तर त्यालाही. इथे एकजण मला समजवायला आला, त्याचा दात पाडला.

सोमवारी तारीख आहे. सही कर, पुढचं मी बघतो. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
अजिनाथ

लिंबागणेश
२९ ऑगस्ट

चि. अजिनाथला आशीर्वाद.

सोमवारी तू वाट पाहिली असशील. मी डोंगरावर होते, परमेश्वरबरोबर. कंदांखाली जाळी पुरत होतो. तो डाव्या हाताने माती ओढतो. जाळी सोमेश्वरनेच आणली, खाली टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी अजून त्याच्याशी बोलत नाही.

वैष्णवीने विचारलं, भाऊजी सुटणार हायेत का. लई भ्याली आहे पोरगी. तिला सांगितलं, मी सही करणार न्हाई.

घास उतरत नाही, रोज रडते. पण तू आत आहेस तोवर मला तीन भाऊ आहेत. बाहेर आलास तर एकही राहणार नाही.

शिव्या दे, पण पत्र लिहीत जा.
तुझी ताई