वर राहिलेली कड

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, संलयन भट्टीच्या अस्तराचा निवृत्त तपासनीस, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला आहे. मन ठिकाणावर आहे का, ते त्यांनी विचारले नाही.

१. राहते घर मुलीला. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवून बंद होतो, हे जावयाला चार वर्षांत कळलेले नाही. त्याला दाखवून ठेवावे.

२. आरामखुर्ची मेहुण्याला. तिच्यावर त्याचा कधीपासून डोळा आहे. तिचा एक पाय डुगडुगतो, तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

३. फट मोजायच्या पोलादी पट्ट्या कारखान्याच्या शिकाऊ वर्गाला. त्या कोऱ्याच आहेत, कारण मी नखाने तपासत असे. यापुढे कोणी तसे करू नये.

४. आता मुख्य गोष्ट. भट्टीच्या तळाला टंगस्टनचे ठोकळे असतात. जवळजवळ साडेतीन हजार अंशांपर्यंत हा धातू दम धरतो. प्लाझ्मा, म्हणजे भट्टीतला धगधगता वायू, त्यांच्यावरून तिरपा घासत जातो, म्हणून ताप पसरतो आणि खालून वाहणारे पाणी तो घेऊन जाते. पण एखादा ठोकळा शेजाऱ्यापेक्षा केसभर वर राहिला, तर त्याची कड सगळा मारा समोरून खाते आणि वितळते.

ठोकळे बसवणारा माझा जोडीदार गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ माणूस, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. तो बसवी, मी सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवी. नख अडले नाही की पास. त्या खेपेला मी आदल्याच दिवशी नखे कापली होती. पट्ट्या काढायला हव्या होत्या, पण चार लोक बघत होते आणि माझी मिजास आडवी आली. मी म्हणालो, "पास."

कड वितळली. भट्टी सात महिने थंड पडली. चौकशीत ओळंबा माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरांनी नख फिरवलं होतं. म्हणजे ठोकळा नंतर माझ्याच हातून हलला असणार." मी गप्प बसलो. त्याची नोकरी गेली. पुढे अकरा वर्षे त्याने स्वतःच्या हातांवर संशय घेतला. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरी. तसाच गेला.

तेव्हापासून कशावरही अंगठा फिरवला की तेव्हा नखाला न लागलेली ती केसभर पायरी लागते. टेबलावर लागते, वहीच्या पानावर लागते. नात झाली तेव्हा तिच्या कपाळावर लागली. मी हात मागे घेतला, तो पुन्हा तिला लावला नाही. मुलीला वाटते, मला नातीची माया नाही. तसे नाही ग बाळ, मला भीती वाटते.

५. माझ्या पश्चात कलम चार कारखान्यात मोठ्याने वाचावे आणि चौकशीच्या निकालातले ओळंब्याचे नाव खोडून माझे घालावे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. मंगळवार, ९ जून.

लिहून ठेवणार: सही केली.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरबाई. सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: ओळंब्याची बायको, माझ्या वहिनी. सगळे वाचले, चष्मा पुसून कलम चार पुन्हा वाचले. पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "भाऊजी, हे ऐकायला ते राहिले नाहीत. मी आहे. आणि मी काही तुमच्या मरणाची वाट बघत बसणार नाही. उठा, कारखाना पाचला बंद होतो."

दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवून निघत आहे. वेळ सव्वातीन.