माफीचं पळणं

ती. मामांना,

तुरतुऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द फार मनावर घेऊ नका. आठ अंगांपैकी पाच आज वाकायला तयार नाहीत, उरलेल्या तिघांवर भागवून घ्यावं.) आपला उजवा गुडघा, मामींची पाठ आणि खिडकीतलं लिंबाचं रोप ही तिन्ही मंडळी बरी असतील अशी आशा करतो. मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

विनंती विशेष. तुम्ही म्हणाल, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भाच्याने पत्र कशाला लिहावं, फोन काय मेलाय? फोन जिवंत आहे. काल रेसनंतर चार वेळा केला, आज दोन वेळा. सहाही वेळा मामींनी उचलला आणि 'ते झोपलेत' असं सांगितलं. चौथ्या वेळी मागून तुमचा खोकला ऐकू आला. माणूस झोपेत खोकू शकतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण झोपेत 'सांग झोपलोय म्हणून' असंही म्हणू शकतो, हे मला नवीन होतं. तेव्हा आता हे पत्र. दाराखालून सरकवतो. झोपेतच वाचा.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक आहे. अकरा वर्षं आपण ती दहा किलोमीटरची रेस पळतोय आणि अकरा वर्षं शेवटची रेषा हात धरून ओलांडतोय. (आधी तुम्ही माझा हात धरायचात, अलीकडे मी तुमचा धरतो, पण हे आपण दोघांनीही कधी बोलून दाखवलेलं नाही.) निकालाच्या यादीत आपली नावं शेजारी-शेजारी, जोडलेल्या घरांसारखी. काल बाराव्या वर्षी मी तुमच्या चार मिनिटं आधी पोहोचलो. यादीत आपल्यामध्ये बेचाळीस अनोळखी माणसं येऊन बसली आहेत. तुम्ही आलात, माझ्या गळ्यातलं पदक पाहिलंत, 'पोहोचलास?' एवढं विचारलंत आणि सरळ बस पकडून घरी गेलात. मामा, तुम्ही मला आयुष्यात पुष्कळ बोललात. लिफ्टच्या उलट्या जोडलेल्या वायरीवरून तर भर गिऱ्हाइकादेखत बोललात. पण त्या 'पोहोचलास'इतकं काही लागलं नव्हतं.

तर आज सोमवार, म्हणजे माफीचं पळणं. रेसच्या दुसऱ्या दिवशी पायांना इतकं हळू पळवायचं की त्यांना कालचं विसरता यावं, पायांची माफी मागायची, हा तुमचाच शब्द आणि तुमचाच शिरस्ता. त्याकरता आपण सोमवारची रजा वर्षभर आधी मांडून ठेवतो. (तुम्ही निवृत्त झाल्यापासून तुम्हाला रजेची गरज नाही, तरी गेल्या वर्षी तुम्ही मामींकडे रीतसर अर्ज केला होता असं कळलं.) मी साडेपाचला लाँड्रीच्या कोपऱ्यावर हजर होतो. सहा झाले. लाँड्रीवाल्याने शटर वर केलं. सात झाले. त्याने पहिला गठ्ठा इस्त्री केला. आठ झाले, तेव्हा तो म्हणाला की उभंच राहायचं असेल तर ही चादर एका बाजूने धरा. नवापर्यंत मी अकरा चादरी धरल्या. दहाला ऊन असं झालं की लाँड्रीवाल्याला वेगळी इस्त्री तापवायची गरज उरली नाही, आणि त्याने मला फार प्रेमाने सांगितलं की येणारा माणूस साडेचार तासांत येतो. मग मी एकटाच निघालो.

एकट्याने हळू पळणं ही सोपी गोष्ट नाही. तुमचा नियम मला पाठ आहे: पळता पळता एक लांबलचक गोष्ट दम न लागता सांगता आली पाहिजे, दम लागला तर वेग जास्त. दरवर्षी गोष्ट तुम्ही सांगता, आणि दरवर्षी एकच सांगता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये लिफ्टमध्ये अडकलेल्या शिवणकामवाल्या बाई, त्यांच्याजवळचं मशीन, आणि तुम्ही दार उघडेपर्यंत त्यांनी शिवून संपवलेले तीन पडदे. आता सोबत कुणी नाही आणि नियम तर पाळायचाय, म्हणून मीच ती गोष्ट मोठ्याने सांगायला लागलो. आवाजही तुमचाच काढला, कारण माझ्या आवाजात ती गोष्ट खोटी वाटते.

आणि मामा, खरं सांगतो, थोड्या वेळाने मला फार बरं वाटायला लागलं. रस्ता रिकामा होता. डांबर मऊ झालं होतं आणि बुटाला जरासं धरून मग सोडत होतं, जसं कुणी निघताना 'बस की अजून' म्हणतं. पुढे रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि मी जवळ गेलो की ते पुढच्या वळणावर जाऊन बसायचं. न्हावी आपल्याच खुर्चीत तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता आणि पंखा त्याचे नसलेले केस उडवत होता. वाळत घातलेल्या कपड्यांतून एकही शर्ट हलत नव्हता. सगळं गाव डोळे मिटून माझी गोष्ट ऐकतंय असं वाटत होतं. 'मग बाई म्हणाल्या, मला काही घाई नाही, पण दोरा संपलाय', इथपर्यंत मी आलो, तेवढ्यात वरून आवाज आला, 'कुठल्या रंगाचा?'

गॅलरीत एक आजी उभ्या होत्या. मी वर पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. आता काय सांगणार, की बाई तीस वर्षांपूर्वी अडकल्या होत्या आणि सुटल्या? मी म्हटलं, निळा. त्यांनी निळ्या दोऱ्याचं रीळ खाली टाकलं आणि 'बाईंना म्हणावं, धीर धरा' असं सांगून दार लावून घेतलं. मी रीळ हातात घेऊन पुढे निघालो. हातात रीळ असलं की पळणं आपोआप हळू होतं, हा माझा आजचा शोध आहे.

पुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंची ती सातमजली इमारत आली. तिची लिफ्ट सांभाळायला आपली. (तुम्ही निवृत्त झालात तरी माझी म्हणायला अजून जीभ वळत नाही.) पाणी प्यायला आत गेलो. हॉलमधलं पाणी संपलेलं, म्हणून वर जाऊन प्यावं म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. आत पंखा, थंडगार पत्रा, आणि तुम्हीच बसवलेला तो मंद दिवा. मी पाठ टेकली. पाठ घसरत खाली गेली, पाठीमागून मीही खाली बसलो. दार बंद झालं. मजल्याचं बटण दाबायचं राहून गेलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टमध्ये झोपणं म्हणजे हलवायाने मिठाईच्या परातीत झोपण्यासारखं आहे, पण डोळा लागला त्याला इलाज नाही.

स्वप्नात लिफ्ट वर-खाली न जाता आडवी चालली होती. रस्त्याने, माफीच्या वेगाने. दार उघडंच होतं आणि बाहेर तुम्ही शेजारून पळत होता. ती पिवळी टोपी घातलेली, मामींनी दोनदा टाकून दिलेली आणि तुम्ही दोनदा शोधून आणलेली. तुम्ही काही बोलत नव्हता. नुसते पळत होता, आणि मला आत बसल्या बसल्या इतकं शांत वाटत होतं की मीही काही बोललो नाही. मग कुठूनतरी, अगदी कानाशी, तुमचे शब्द आले: 'आत कोण आहे? घाबरू नका. बोलत राहा, मी ऐकतोय.'

तो वॉचमन होता, लिफ्टमधल्या स्पीकरवरून. झोपेत माझं डोकं धोक्याच्या बटणावर टेकलं होतं. (ते इतकं खाली बसवायला तुम्हीच सांगितलं होतं, पडलेल्या माणसाचाही हात पोहोचावा म्हणून. डोकंही पोहोचतं.) आणि अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं ते लिहून तुम्ही त्याच्या टेबलावर चिकटवलेलं कार्ड तो बिचारा शब्दन् शब्द वाचत होता. पण मी अर्धा झोपेत. मला वाटलं तुम्हीच विचारताय. तुम्ही म्हणालात बोलत राहा, मी बोललो.

सगळं सांगितलं. सातव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं, तिथे आपली चुकामूक झाली. मी बुटाची नाडी बांधून वर पाहतो तर तुम्ही नाही, आणि पुढे गर्दीत पिवळी टोपी. म्हटलं मामा आज भलतेच सुटलेत, आणि निघालो मागे. मी जोर लावला की टोपी जोर लावायची. मला तुमचा अभिमान वाटत होता आणि थोडा रागही येत होता, की चौसष्टाव्या वर्षी हे काय, सांगायचं तरी. मला काय माहीत, त्या टेबलावर उन्हाचं म्हणून सगळ्यांना फुकट पिवळ्या टोप्या वाटत होते? तुम्ही बहुधा टेबलामागे टोपी काढून डोक्यावर पाणी ओतत होता, आणि मी तीन किलोमीटर एका परक्या माणसाच्या मागे मामा, मामा करत ऊर फुटेस्तोवर पळत होतो. मामा, मी तुम्हाला मागे टाकलं नाही. मी तुम्हाला गाठायला पळत होतो.

स्पीकर खरखरला. मग वॉचमनने विचारलं, 'पण साहेब, तो टोपीवाला तुमचा मामा नव्हे, हे कळलं कधी?' मी म्हटलं, रेस संपल्यावर, त्याने टोपी काढली तेव्हा. तो म्हणाला, 'बरं.' आणि पुढे म्हणाला, 'साहेब, लिफ्ट चालू आहे. दाराचं बटण दाबा.'

दार उघडलं. मी तळमजल्यावरच होतो. समोर हॉलमध्ये अकरा माणसं, आत कुणी अडकलंय म्हणून वॉचमनने बटण दाबू न दिलेली, लिफ्टची वाट बघत उभी, आणि वॉचमनच्या टेबलावरचा स्पीकर तुम्ही बहिऱ्यालाही ऐकू जावा इतका मोठा ठेवलेला. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. गालाला रुमाल बांधलेल्या एक बाई डोळे पुसत होत्या. दातामुळे की माझ्यामुळे, विचारायचं धैर्य झालं नाही. एक गृहस्थ फक्त म्हणाले, 'भेटून या त्यांना.' मी मान खाली घालून हातातलं रीळ बघत बाहेर पडलो. घरापर्यंत चालतच आलो. पाच किलोमीटरचं ठरलं होतं, दोनही झाले नसतील.

तर हकीकत ही अशी. उन्हाचं जपा. मामींना नमस्कार, आणि सहा वेळा खोटं बोलायला लावल्याबद्दल त्यांची माफी तुम्ही मागावी की मी, हे तुम्ही ठरवा.

तुमचा भाचा,
तुरतुऱ्या

ता. क. रीळ परत करायला त्या आजींकडे जायचं आहे. त्या विचारणार, बाई सुटल्या का. गोष्टीचा शेवट तुम्हालाच नीट सांगता येतो, तेव्हा सोबत आलात तर बरं.

ता. क. २. लाँड्रीचा कोपरा तुमच्या खिडकीतून दिसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी तिथे उभा होतो. लिंबाच्या रोपाला सकाळी सहा ते दहा या वेळात आठ वेळा पाणी घातलंत. मरेल ते.

ता. क. ३. वॉचमनला मी खोटं सांगितलं. टोपीवाला तुम्ही नव्हे, हे मला शेवटच्या वळणावरच कळलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं, आणि त्याला मिशा होत्या. तिथून रेषा दोनशे पावलांवर. थांबून तुमची वाट पाहायला भरपूर वेळ होता. पण पाय इतके हलके झाले होते, आणि मला वाटलं, पाहू तरी एकट्याने किती जोरात जाता येतं. आवडलं मला ते, मामा. दोनशे पावलं फार आवडलं. मग रेषा ओलांडताना सवयीने हात बाजूला केला आणि तो तसाच राहिला.

हे आज पळताना तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा दम लागला. म्हणजे तुमच्या नियमाने माझा वेग अजून जास्त आहे. उद्या साडेपाचला पुन्हा कोपऱ्यावर येतो. लागलं तर चालत जाऊ. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. फक्त एकदा खोका, म्हणजे जागे आहात हे कळेल.