रहमतुल्लाभाईंची बिनसाखरेची फिरनी

५ नोव्हेंबर १९८८, शनिवार
शेलार गावचे रहमतुल्लाभाई शुक्रवारी जेवायला येणार. मुलासाठी आमच्या तय्यबाला बघायला. त्यांना शुगर आहे. बायको रशिदा म्हणाली, जेवणानंतर पेरू कापून देऊ. मुलीच्या बापानं पेरू द्यायचा? बिनसाखरेची फिरनी मी स्वतः करणार. कापडाचे बारा लूम चालवणाऱ्याला एक पातेलं जड नाही.

७ नोव्हेंबर
सॅकरिनच्या गोळ्या आणल्या. केमिस्ट म्हणाला, हाशिमभाई, कपाला एक. कप मोजत कोण बसतो? अख्खी बाटली टाकली.
संध्याकाळी : कडूजहर. रशिदाने तोंड धुतलं. मी मात्र वाटी संपवली. पोट ठीक नाही, पण ते हवेमुळे.

९ नोव्हेंबर
नवा प्लॅन. मध आणि खजूर. दोन्ही कुदरती, म्हणजे साखरेचा प्रश्नच नाही. रशिदाने विचारलं, मग गोड कशानं लागतं? सातवीपर्यंत शिकल्याचे परिणाम.
डॉक्टरांना विचारणार होतो. दवाखान्यात गर्दी. दारावरूनच परतलो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
लूम बंद. सकाळपासून चुलीशी. किलोभर मध.
दुपारी ३ : कामयाब! रहमतुल्लाभाई नकोच म्हणत होते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "साखरेचा एक दाणा नाही." त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, सहा वर्षांनी फिरनी खातोय. तीन वाट्या! त्यांच्या बेगम हबीबाभाभी पुरे पुरे म्हणत होत्या. मी चौथी वाढली.
५ : त्यांना फार तहान लागलीय. अकरा ग्लास झाले. आमच्याकडचं पाणी चांगलंच आहे.
७ : चक्कर. रिक्षा. दवाखाना. शुगर साडेचारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणालो, कुदरती. मला बाहेर बसवलं.

१२ नोव्हेंबर
ते घरी आले. शेलारला भेटायला गेलो. हबीबाभाभी दारातूनच म्हणाल्या, झोपलेत. आतून रेडिओवर मॅच ऐकू येत होती. काही लोकांना आवाजाशिवाय झोप लागत नाही.
तय्यबा कालपासून जेवलेली नाही. माझ्याकडे बघतही नाही. आज पहिल्यांदा छातीत धस्स झालं.

१६ नोव्हेंबर
शेलारहून निरोप. मुलगी पसंत! लग्न जानेवारीत. अट एकच, हाशिमभाई जेवणाच्या आसपास दिसता कामा नयेत. तय्यबा पाच दिवसांनी हसली. जरा जास्तच हसली. मी मोठ्या मनानं कबूल केलं.
मंडपाबाहेर चपला सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. एवढ्या मोठ्या लग्नात तिथे भरवशाचाच माणूस लागतो.